स्वतःच्या विमानात उडायला शिकताना

विमान घेतलं तेव्हा मला ते उडवता येत नव्हतं. सेस्ना १५०: दोघांची जागा, चार सिलिंडर, १०० अश्वशक्ती. हे मॉडेल १९७७ नंतर बनलंच नाही, त्यामुळे व्यवहाराआधी मी स्वतःचा मेकॅनिक नेला. त्याने एकेका सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडली. तीन सिलिंडरांनी सत्तरच्या वर दाब धरला, चौथा पन्नासच्याही खाली घसरला. सायलेन्सरच्या नळीला कान लावला तर आत बारीक फुसफुस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता.

त्या कामात दीड महिना गेला. शिकवणाऱ्या संस्थेकडे एक विमान बंद पडलं तर दुसरं असतं, आपलं मात्र एकच. पण त्या दीड महिन्याने मला फार दिलं. मी मेकॅनिकच्या हाताखाली स्पार्क प्लग साफ करत बसायचो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. मॅग्नेटो म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहतं. पुढे उड्डाणाआधी १७०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहताना काटा थोडा खाली यायचा, तेव्हा आत काय होतंय ते मला डोळ्यांसमोर दिसायचं.

वळणं, चढणं, सरळ उडणं लवकर जमलं. उतरणं काही केल्या जमेना. मी नाकापुढची जमीन बघायचो, ती अंगावर आल्यासारखी वाटायची आणि घाईने योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढायचो. विमान पुन्हा वर उचललं जायचं, वेग संपायचा आणि धप्पकन आदळायचं. प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, "धावपट्टीच्या पार टोकाकडे बघा. आणि टेकवायला जाऊ नका, जमेल तेवढा वेळ हवेतच धरून ठेवा. हॉर्न ऐका." वेग इतका कमी झाला की पंख विमानाला उचलून धरू शकणार नाहीत, असा इशारा देणारा हा स्टॉल हॉर्न. माझ्या विमानात तो विजेवर चालत नाही. पंखाच्या कडेला एक भोक आहे, तिथून हवा ओढली गेली की आतली पट्टी पिपाणीसारखी वाजते. तो आवाज कानात बसला आणि हात आपोआप हळू झाले.

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या दिवशी मॅडम उतरल्या. त्यांचं वजन गेल्याबरोबर विमान नेहमीपेक्षा बरंच आधी उचललं गेलं. थ्रॉटल कमी करण्याआधी कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ) ओढली, कारण दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरायला थंडी लागतेच असं नाही. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडले, नजर टोकाला. पिपाणी वाजली आणि मागची चाकं टेकली. रिकाम्या सीटकडे पाहून मी मोठ्याने "टेकलं!" म्हणालो.

विमान स्वतःचं असलं म्हणून परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास कमी होत नाहीत. आंतरराष्ट्रीय किमान मर्यादा ४० तासांची, त्यातले १० एकट्याने. आणखी एक: विमा काढताना शिकाऊ वैमानिक आणि प्रशिक्षक दोघेही त्यात आहेत ना, हे पहिल्या उड्डाणाआधीच पाहून घ्या.

परवान्यासाठी लागणारी माझी २७० किलोमीटरची एकट्याने करायची फेरी अजून बाकी आहे. नकाशावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे, आता वारा पडायची वाट बघतोय.