अमेरिकेत पोस्टडॉक करताना: के-९९ची चार वर्षांची मुदत आणि तिच्याआधीची तयारी

बायोमेडिकल विषयात पीएच.डी. करून पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, अमेरिकेला निघालेल्यांना व्हिसा, घर, आरोग्यविमा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. संशोधनाचा पैसा स्वतःच्या नावावर कसा आणायचा, हे मात्र बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं. तेव्हा अर्ज करायची वेळ जवळपास टळलेली असते. म्हणून हे निघण्याआधी वाचलेलं बरं.

आधी बंद दारं कोणती ते पाहू. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, ही तिथली सर्वांत मोठी पैसे देणारी संस्था. तिच्या छत्राखाली २७ इन्स्टिट्यूट आणि सेंटर आहेत. पण पोस्टडॉकसाठीची तिची एफ-३२ फेलोशिप आणि विद्यापीठांना मिळणाऱ्या टी-३२ ग्रँटमधल्या जागा फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतात. व्हिसावर असलेल्यांनी त्यांच्या मागे लागून उपयोग नाही. संशोधकाची कारकीर्द उभी करण्यासाठीच्या के मालिकेतल्या बहुतेक ग्रँटनाही हीच अट आहे, अपवाद के-९९/आर-००चा. २००६ साली जाहीर झालेली ही ग्रँट आपल्यासारख्यांनाही मागता येते. पहिली एक ते दोन वर्षं, म्हणजे के-९९, मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत काढायची. मग टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी, प्राध्यापकाची नोकरी मिळाली, की पुढची तीन वर्षं आर-००चा पैसा स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी.

गोम आहे ती मुदतीत. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नसावा, आणि हाच नियम दुसऱ्यांदा केलेल्या अर्जालाही लागू आहे. पीएच.डी.नंतर पुण्यात किंवा बंगळुरूत वर्षभर रिसर्च असोसिएट म्हणून केलेलं काम त्यात धरलं जातं. ‘माझी चार वर्षं अमेरिकेत उतरल्यावर सुरू होतात’ असं समजणारे इथेच फसतात. बाळंतपणासाठी वर्षभराची सवलत मिळते, पण ती आधी मागून घ्यावी लागते.

आता हिशेब करा. नवे अर्ज १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबरला घेतले जातात, तर सुधारून पुन्हा करायचे अर्ज १२ मार्च, १२ जुलै आणि १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबरच्या अर्जाची छाननी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, परीक्षकांचा लेखी अभिप्राय त्यानंतर हातात पडतो आणि दुरुस्त अर्ज जुलैत जातो. म्हणजे दोन प्रयत्नांमध्ये नऊ महिने. समजा, तुमची पोस्टडॉक ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, तर शेवटची संधी १२ जुलै २०२९. ती दुसऱ्या प्रयत्नासाठी हाती राहायची असेल, तर पहिला अर्ज १२ ऑक्टोबर २०२८ च्या पुढे नेता येत नाही. पहिल्या फेरीत नाकारलं जाणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे एकच प्रयत्न शिल्लक ठेवून चौथ्या वर्षाच्या अखेरीस अर्ज करणं म्हणजे अर्धी संधी आपणच सोडून देणं.

याला व्हिसाची मुदत जोडा. जे-१ या एक्स्चेंज व्हिसावरच्या रिसर्च स्कॉलरची कमाल मुदत पाच वर्षं, आणि तो कार्यक्रम संपल्यावर त्याच प्रकारात परत यायला दोन वर्षांची बंदी. अर्ज तिसऱ्या वर्षाअखेरीस, ग्रँट चौथ्या वर्षात, त्यापुढे के-९९ची दोन वर्षं: जे-१ची मुदत अर्ध्यावरच संपते. शिवाय जे-१ रिसर्च स्कॉलरला टेन्युअर-ट्रॅक पद घेता येत नाही, म्हणजे आर-००च्या वेळी तसाही दुसरा व्हिसा लागतोच. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नाही, ही जमेची बाजू. पण सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. तेव्हा अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलायचा की कसं, याचं बोलणं विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी निदान वर्षभर आधी सुरू करावं. डिसेंबर २०२४ मध्ये जे-१च्या स्किल्स लिस्टमधून, म्हणजे ठरावीक कौशल्यांची माणसं परत हवी असलेल्या देशांच्या यादीतून, भारताचं नाव निघालं. त्यामुळे निव्वळ त्या यादीमुळे ज्यांच्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट होती, ती आता राहिली नाही. फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर गेलेल्यांवर मात्र ती अजून आहे.

अर्जाकडे वळू. एक पान उद्दिष्टांचं, म्हणजे स्पेसिफिक एम्स. उमेदवाराची माहिती, प्रशिक्षणाची योजना आणि संशोधनाचा आराखडा मिळून १२ पानं. मार्गदर्शकांचं निवेदन ६ पानांपर्यंत. संशोधनातल्या सचोटीच्या प्रशिक्षणाचं एक पान, ज्यात किमान ८ तास समोरासमोरचं शिक्षण दाखवावं लागतं. २५ जानेवारी २०२३ पासून डेटा सांभाळण्याची आणि इतरांना देण्याची योजनाही जोडावी लागते. अक्षर ११ पॉइंटचं, समास अर्धा इंच. मसुदा लांबला म्हणून समास कमी केला, तर यंत्रणा अर्ज परत पाठवू शकते.

परीक्षक पाच गोष्टींवर १ ते ९ गुण देतात: उमेदवार, प्रशिक्षणाची योजना, संशोधन, मार्गदर्शक आणि संस्थेचं पाठबळ. १ सगळ्यात चांगला. आपल्याकडचे हुशार उमेदवार सगळा जीव संशोधनाच्या आराखड्यात ओततात आणि प्रशिक्षणाची योजना शेवटच्या आठवड्यात उरकतात. ग्रँटचा पहिला भाग आहेच मुळी प्रशिक्षणासाठी. ‘मला सगळं येतं’ असा सूर लागला, की परीक्षक विचारतो, मग के-९९ची दोन वर्षं कशाला? म्हणून खरोखर न येणारी एक-दोन तंत्रं निवडा. समजा, उंदरांवर काम करणाऱ्याला सिंगल-सेल सिक्वेन्सिंगच्या डेटाचं विश्लेषण शिकायचंय. मग ते कोण शिकवणार, कोल्ड स्प्रिंग हार्बरचा कोर्स कधी करणार, सहमार्गदर्शकाला महिन्यातून किती वेळा भेटणार, आणि ते तंत्र तिसऱ्या उद्दिष्टात नेमकं कुठे लागणार, हे लिहा. शिकलेली गोष्ट आर-००च्या प्रयोगात वापरलेली दिसली, की योजना पटते.

दुसरी दुखरी जागा स्वातंत्र्याची. मार्गदर्शकाच्या निवेदनात ‘या प्रकल्पाचा हा भाग, हे उंदीर, ही प्लाझ्मिड्स उमेदवार सोबत नेईल आणि मी त्या प्रश्नावर काम करणार नाही’ असं ठळक वाक्य हवं. ‘ती खूप मेहनती आहे’ यानं काही होत नाही. हे बोलणं अवघड वाटतं, विशेषतः गुरूसमोर वाटणी मागू नये असं मनावर बिंबलेल्या आपल्या मुलांना. पण अमेरिकेतल्या प्राध्यापकाला यात उद्धटपणा दिसत नाही. अर्ज लिहायला घेण्याआधी, निदान सहा महिने, हे बोलून मोकळं व्हावं.

तीच गोष्ट प्रोग्राम ऑफिसरची. आपल्या विषयाच्या इन्स्टिट्यूटमधला हा अधिकारी उमेदवारांशी बोलण्यासाठीच असतो. एनआयएच रिपोर्टर या संकेतस्थळावरच्या मॅचमेकरमध्ये गोषवारा टाकला, की तशाच विषयावर पैसे मिळालेले प्रकल्प, त्यांची इन्स्टिट्यूट आणि अधिकाऱ्यांची नावं दिसतात. त्यांना चार ओळींची ई-मेल लिहा, उद्दिष्टांचं पान जोडा, अर्ध्या तासाचा वेळ मागा. विचारायचं ते नेमकं: हा विषय तुमच्याकडे बसतो का, पगाराची आणि संशोधन खर्चाची मर्यादा किती? प्रत्येक इन्स्टिट्यूटचे आकडे वेगळे असतात. अर्ज गेल्यापासून छाननी होईपर्यंत मात्र संपर्क फक्त सायंटिफिक रिव्ह्यू ऑफिसरशी, म्हणजे छाननीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी, करायचा.

आता किरकोळ वाटणाऱ्या आणि ऐन वेळी घात करणाऱ्या गोष्टी. तीन ते पाच शिफारसपत्रं लागतात आणि ती शिफारस करणारे स्वतः ईआरए कॉमन्स या एनआयएचच्या संकेतस्थळावर चढवतात, अर्जाच्या तारखेपर्यंतच. त्यांना तुमचं कॉमन्समधलं युजरनेम, तिथे नोंदलेलं आडनाव आणि जाहिरातीचा क्रमांक अचूक लागतो. आडनाव जुळलं नाही, की पत्र अडकतं. आपल्याकडे लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर एक आणि शोधनिबंधावर दुसरं, असा प्रकार सर्रास असतो. तेव्हा पहिल्याच महिन्यात पासपोर्ट, कॉमन्स आणि ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) या तिन्ही ठिकाणचं नाव तपासा आणि जुन्या नावाचे शोधनिबंध ऑर्किडला जोडून घ्या. ऑर्किड या ग्रँटला सक्तीचं आहेच. पत्र लिहिणाऱ्यांना युजरनेम, आडनाव आणि जाहिरातीचा क्रमांक महिनाभर आधी एकाच ई-मेलमध्ये पाठवा.

अर्ज तुम्ही नाही, विद्यापीठ पाठवतं. १२ तारीख ही एनआयएचची. विद्यापीठाच्या ग्रँट कार्यालयाची तारीख तिच्या आधी, पुष्कळदा पाच-सात कामाचे दिवस. तिथे ओळखीनं काही हलत नाही. अर्ज यंत्रणेत गेल्यावर तो पूर्ण कसा दिसतो हे पाहायला दोन कामाचे दिवस मिळतात. शेवटच्या तारखेच्या आत पाठवलेला असेल, तर त्यात सापडलेली चूक अर्ज मागे घेऊन सुधारता येते. तारीख उलटून गेली असेल, तर नाही.

ग्रँट मिळाली तरी आर-०० आपोआप सुरू होत नाही. नोकरीची ऑफर हवी, नव्या संस्थेनं ७५ टक्के वेळ संशोधनाला देण्याची हमी द्यावी लागते आणि कागद के-९९ संपण्याच्या दोन महिने आधी पोचावे लागतात. वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत मिळतात, पण त्यातच विद्यापीठाचा अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे इमारत, वीज, कार्यालय यांचा वाटा, धरलेला असतो. तो दर ६० टक्के असेल, तर हातात साधारण १,५५,६०० डॉलर उरतात. ‘तुमच्याकडे आर-०० आहेच’ म्हणून स्टार्टअपची, म्हणजे नवी प्रयोगशाळा उभी करायला विद्यापीठ देतं ती, रक्कम कमी करू पाहणाऱ्या विभागाला सांगावं, की एनआयएचला हे मान्य नाही.

के-९९ हा एकच रस्ता नाही. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची तीन वर्षांची फेलोशिप भारतीयांना खुली आहे. पीएच.डी.चा देश सोडून दुसरीकडे जायचं आणि विषयाची दिशा खरोखर बदलायची, या तिच्या अटी. तिची तयारी भारतात असतानाच सुरू करता येते. डेमन रनियन, कर्करोगासाठी, परदेशी उमेदवारांना अमेरिकेतल्या कामासाठी घेतं, मात्र प्रयोगशाळेत येऊन वर्षापेक्षा जास्त झालेलं चालत नाही. फेलोशिप घेताना विद्यापीठाला विचारा, पैसे पगार म्हणून मिळणार की स्टायपेंड म्हणून. स्टायपेंडवर गेल्यास कर्मचारी म्हणून मिळणारा विमा बदलू शकतो, आणि एच-१बीवर असाल तर ते आणखी गुंतागुंतीचं होतं.

परत यायचं असेल, तर आर-००चा पैसा भारतात आणता येत नाही. त्यासाठी डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, रामलिंगस्वामी फेलोशिप, रामानुजन फेलोशिप आणि २००८ पासून चालणारी इंडिया अलायन्स. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं इंडिया अलायन्सच्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला १,५०० कोटी रुपये मंजूर केले: १,००० कोटी डीबीटीचे, ५०० कोटी ब्रिटनच्या वेलकम या न्यासाचे. तिथे अर्जदाराच्या नागरिकत्वाची अट नाही, भारतातली यजमान संस्था मात्र लागते. पुण्यातल्या आयसर किंवा एनसीसीएससारख्या संस्थेतल्या प्राध्यापकांशी ते बोलणं जाहिरात निघण्याच्या निदान सहा महिने आधी व्हायला हवं. कारण जागा, उपकरणं आणि प्राण्यांच्या प्रयोगांची सोय यांची लेखी हमी संस्थेच्या संचालकांच्या सहीनं मिळवायला बराच वेळ लागतो.