परवा नका म्हणू, वार सांगा

"परवा येते, आजी," असं मी मागच्या डिसेंबरात नाशिकच्या पंचवटीतल्या एका खोलीच्या दारात चपला घालता घालता म्हणाले, आणि गेले नाही.

एकतीस वर्षं मी नर्सिंग केलं. रिटायर होताना ठरवलं होतं की हात चालतायत तोवर, ज्यांना दवाखान्याच्या रांगेत उभं राहवत नाही त्यांची ड्रेसिंग घरी जाऊन करायची. पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी गॉज, चिकटपट्टी, सलाईनच्या बाटल्या यांचा खर्च वाटून घेतला. प्रभूचं काम म्हणून मी हे मनापासून हाती घेतलं होतं, आजही तसंच धरते.

आजी रामकुंडाजवळ दिव्याचे द्रोण विकायच्या. पानांचा द्रोण, त्यात झेंडूच्या पाकळ्या, मधोमध वात. साखर कित्येक वर्षांची. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला रुपयाएवढी जखम होती आणि ती दुखत नाही म्हणून त्या निर्धास्त होत्या. मी म्हटलं, आजी, दुखत नाही हेच तर वाईट. साखरेनं पाय बधिर झाला की खडा रुतलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही. माणूस दिवसभर त्याच जखमेवर चालत राहतो आणि ती भरून येत नाही. सलाईननं जखम धुतली, कडेची मेलेली कातडी काढली, गॉज ठेवून पट्टी बांधली. चिकटपट्टीवर पेनानं तारीख टाकली, वॉर्डात टाकायचे तशी. मग ते "परवा येते".

त्या परवा संध्याकाळी कॅरलची, नाताळच्या गाण्यांची, तालीम होती. दुसऱ्या दिवशी करंज्यांचा घाणा. त्यानंतर महिला मंडळाची मीटिंग, मग रविवारची उपासना, मग पाहुणे. एकही दिवस मी रिकामी बसले नाही, आणि सगळी कामं देवळाचीच, म्हणजे चर्चचीच होती. आजींची आठवण रोज यायची, "उद्या नक्की" असं मनात म्हणायचे आणि झोपायचे.

नवव्या दिवशी गेले. खोलीत पाऊल टाकताच वास आला. एकतीस वर्षांच्या नाकाला तो वास सांगावा लागत नाही. पट्टी माझीच होती, काळपट आणि ओलसर झालेली. चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरातली तारीख. नातसून दारात उभी राहून म्हणाली, मी दोनदा म्हटलं सोडते म्हणून, पण ऐकेचनात.

आजी म्हणाल्या, "तुम्ही म्हणल्या व्हत्या ना, येते. मंग मी कोणाला हात लावू दिला नाही."

रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, पायाचा रक्तपुरवठाच कमी आहे, अंगठा तसाही गेला असता. त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण मी त्या वाक्याच्या आडोशाला जाऊन बसले नाही. बसवलंच नाही.

त्या नाताळात मी कॅरल गायला उभी राहिले नाही. आवाज बसलाय असं सांगितलं. खरं कारण इथे पहिल्यांदा लिहितेय.

रात्री बायबलातल्या लूकचा दहावा अध्याय काढला. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची, येशूनं सांगितलेली गोष्ट लहानपणापासून तोंडपाठ आहे आणि ती फक्त लूकच्याच शुभवर्तमानात आहे. प्रेषित पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. म्हणून असेल, पण त्या गोष्टीत ड्रेसिंग नीट सांगितलंय: जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, त्या बांधल्या, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, त्याची काळजी घेतली. रविवारच्या शाळेत मुलांना सांगताना मी इथेच थांबायचे. त्या रात्री पुढची ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार आहे, म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. आणि म्हणतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. ‘परत येईन’ हे शब्द त्या गोष्टीत आहेत हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. बरं, तो परत येईपर्यंत जखमी माणूस उघडा पडणार नाही, याचीही सोय तो करून जातो. मी आजींच्या नातसुनेला पट्टी कशी बदलायची तेवढं दाखवलं असतं, तरी चाललं असतं.

पौलाच्या गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात, म्हणजे देवाचा आत्मा माणसात रुजवतो त्या गुणांत, ‘चांगुलपणा’ आणि ‘विश्वासूपणा’ शेजारी शेजारी येतात. विश्वासूपणा म्हणजे देवावरची श्रद्धा, असंच मी धरून चालले होते. पण आपल्या बोलण्यात विश्वासू माणूस कोण असतो? ज्याच्या हातात किल्ली देऊन निर्धास्त गावाला जाता येतं तो. आजींनी मला तशी किल्ली दिली होती. चांगुलपणा माझ्याकडे होता, भरपूर होता. पण त्याच्या शेजारचा तो दुसरा शब्द जागेवर नव्हता.

मी शरणपूर रोडला राहते. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी शरणपूर वसवलं आणि पुढे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आसरा मिळाला, शाळा मिळाली. त्यातलाच एक जेकब वेनराईट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा तो त्यांच्या सोबत्यांत होता. या लोकांनी मृतदेह हजार मैलांहून जास्त अंतर चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. तिथून जेकब बोटीनं देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ च्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनाला हजर होता. त्याची गोष्ट मी मुलांना नेहमी अभिमानानं सांगत आले. शरणपूर रोडवरून पंचवटी किती लांब? अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल ओलांडला की मालेगाव स्टँड. रिक्षानं वीस मिनिटं.

आजींची मी माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाय मात्र पुढे केला. महिनाभर असंच चाललं. मी जायचे, पट्टी बदलायचे, चहा नको म्हणायची वेळच यायची नाही, कोणी विचारायचंच नाही. ते बरोबरच होतं. नातसुनेला पट्टी बांधायला शिकवली. कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात वापरायचे तसल्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला मापानं करून आणल्या, तळव्यावर भार सगळीकडे सारखा पडावा म्हणून. त्या त्यांनी आठवडाभर कोपऱ्यात ठेवल्या, मग घातल्या.

फेब्रुवारीत एकदा निघताना सवयीनं तोंडातून गेलं, "परवा येते."

"परवा नका म्हणू," आजी म्हणाल्या. "वार सांगा."

"गुरुवार. चार वाजता."

"लिहा."

पट्टीवर लिहिलं. आजींना वाचता येत नाही, शाळेतून आला की पणतू वाचून दाखवतो.

या पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पाणी आलं, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, घाटावरची दुकानं उठली. त्या दिवशी वार मंगळवार होता. पुलावर पूर बघणाऱ्यांची गर्दी, रिक्षावाला पलीकडे यायला तयार नव्हता, म्हणून छत्री धरून चालत पूल ओलांडला. सव्वाचार वाजले होते. आजी दारातच बसल्या होत्या, पाय पाटावर ठेवून.

"पंधरा मिनटं उशीर," त्या म्हणाल्या, आणि आत बघून नातसुनेला चहा टाकायला सांगितला.

जखम आता शेंगदाण्याएवढी राहिलीय. उद्या गुरुवार. पिशवीत गॉज भरलंय, पेन वरच्या कप्प्यात आहे.