कैरोत अल अहलीची मॅच बघायला जाताय? मग पूल चालतच ओलांडा

मी राहतो दुबईत, मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेल्या माणसाला कैरोत पिरॅमिडपेक्षा तिथल्या अल अहली या फुटबॉल क्लबची ओढ जास्त असली तर त्यात नवल काही नाही. फेब्रुवारीत चार दिवस काढले, पिरॅमिड एका सकाळीत उरकले आणि बाकी सगळा वेळ क्लबला दिला. कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

सुरुवात तहरीर चौकापासून करा. तिथून कस्र अल निल पूल चालत ओलांडायचा, टॅक्सी करू नका. दोन्ही टोकांना काशाचे सिंह आहेत, खाली नाईल, आणि पलीकडे गेझीरा बेट. त्या बेटावर ऑपेरा हाऊसच्या जवळ, 187 मीटर उंच कैरो टॉवर जिथून दिसतो तिथेच अहलीचं मुख्यालय आहे. मेट्रोने यायचं तर लाईन 2 वरचं ऑपेरा स्टेशन. पण क्लब सभासदांचा आहे, तिकीट काढून आत सोडतील असं समजून जाऊ नका. माझ्या ऑफिसातल्या इजिप्शियन मित्राचे वडील जुने सभासद, त्यांनी पाहुणा म्हणून आत नेलं. तिकडे वयाने मोठ्या माणसाला अम्मो म्हणतात, आपल्या काकांसारखं, मीही त्यांना तेच म्हणत होतो.

अम्मोंनी आत जायच्या आधी शेजारची मोठी हिरवळ दाखवली. गेझीरा स्पोर्टिंग क्लब, 1882 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेला. इजिप्शियन पोरांना तिथे कोण विचारणार? तेव्हा कॉलेजातल्या पोरांची एक संघटना होती, तिचे पुढारी वकील ओमर लुत्फी. पोरांनी राजकारणावर बोलावं तसं खेळायलाही एकत्र यावं, त्यांना स्वतःची जागा हवी, हा विचार त्यांचा. त्यातून 24 एप्रिल 1907 ला अल अहली उभा राहिला. अहली म्हणजे राष्ट्रीय, आपल्या लोकांचा. रंग घेतला तेव्हाच्या इजिप्तच्या लाल झेंड्याचा. आणि पहिला अध्यक्ष मात्र इंग्रज, मिचेल इन्स! अम्मोंचं म्हणणं, इंग्रजांच्या राज्यात कागद पुढे सरकवायचे तर साहेबच लागायचा. पुढे ज्यांच्या नावाने इंग्रजांविरुद्धचं 1919 चं आंदोलन पेटलं ते साद झगलूल या क्लबच्या सर्वसाधारण सभेचे पहिले अध्यक्ष होते. हे ऐकल्यावर त्या लाल जर्सीकडे बघायची माझी नजरच बदलली.

आतलं छोटं मैदान मुख्तार अल तितश यांच्या नावाचं. 1934 चा वर्ल्ड कप खेळलेली इजिप्तची टीम, म्हणजे आफ्रिकेतली आणि अरब देशांतली वर्ल्ड कप खेळणारी पहिलीच, तिच्यात हे होते. आता इथे मोठ्या मॅचेस होत नाहीत. मी कडेला अर्धा तास नुसता बसून होतो. अम्मो सालेह सलीमबद्दल बोलत होते, आधी खेळाडू, मग सिनेमातला नट, मग क्लबचे अध्यक्ष, लोक त्यांना माएस्त्रो म्हणायचे. 2002 मध्ये ते गेले, तरी अम्मो आजही त्यांच्याबद्दल वर्तमानकाळातच बोलतात.

एक गंमत सांगून ठेवतो म्हणजे टॅक्सीवाल्याशी घोळ होणार नाही. झमालेक भाग याच बेटावर आहे, पण अहलीचा प्रतिस्पर्धी झमालेक क्लब इथे नाही, तो नाईलपलीकडे मित ओकबात. 1911 चा तो क्लब, नावं बदलत बदलत, मध्ये राजा फारूकचं नावसुद्धा लावून, 1952 मध्ये राजाची सत्ता गेल्यावर झमालेक झाला. त्यांचा रंग पांढरा. म्हणून अहलीच्या मॅचला पांढरा शर्ट घालू नका, कोणी मारणार नाही पण दिवसभर बोलणी खावी लागतील.

आता मॅच. मोठ्या मॅचेस कैरो इंटरनॅशनल स्टेडियमवर, नस्र सिटीकडे. ऑपेराहून लाईन 2 ने अताबा, तिथे लाईन 3 पकडून स्टेडियम नावाच्याच स्टेशनवर उतरायचं. तिकिटं तझकरती या सरकारमान्य साईटवर, आणि त्याआधी फॅन आयडी काढावा लागतो, परदेशी माणसाला पासपोर्टवर. हे काम जायच्या आधीच करा, मी ऐन वेळी केलं आणि एक अख्खी संध्याकाळ हॉटेलात फॉर्म भरण्यात गेली. मॅचची तारीख आणि वेळ पुढेमागे होते म्हणून परतीचं विमान मॅचच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका, मध्ये दोन दिवस सोडा. गेटवर झडती कडक असते. माझी पॉवर बँक काढून घेतली ती परत मिळाली नाही, बाटली पण नाही नेता येत. खिशात पासपोर्ट, फोन आणि सुटे पैसे बास. पोलिसांचे फोटो काढू नका.

बसायचं कुठे? गोलमागची स्वस्त जागा, डावीकडची, तिला तालता शिमाल म्हणतात म्हणजे डावा तिसरा दर्जा. अहलीचे कट्टर लोक तिथले, नव्वद मिनिटं उभेच, थांबतच नाहीत. लहान मुलं सोबत असतील तर मात्र बाजूचा वरचा दर्जा घ्या.

त्या गर्दीत उभं असताना पोर्ट सईद या शहरात जे झालं त्याची आठवण निघतेच. 1 फेब्रुवारी 2012. तिथल्या अल मसरी क्लबने अहलीला 3-1 हरवलं, शिट्टी वाजली आणि लोक मैदानात घुसले, बाहेर जायचं गेट बंद होतं. 74 माणसं गेली, बहुतेक अहलीचे पोरगे. वर्षभरापूर्वी तहरीरच्या आंदोलनात हीच अल्ट्रास, म्हणजे क्लबची कट्टर चाहती पोरं पुढे होती, त्यामुळे हे मुद्दाम घडवलं असं मानणारे तिकडे भरपूर भेटतात. एका पोराने ड्रेसिंग रूममध्ये अहलीचा खेळाडू मोहम्मद अबू त्रिकाच्या समोर प्राण सोडला. अबू त्रिकाने त्या रात्री खेळ सोडतो म्हणून सांगितलं, नंतर परतला. लीग बंद पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहलीने ट्युनिसमध्ये जाऊन एस्परान्सला 2-1 हरवून आफ्रिकेचा चॅम्पियन्स लीग जिंकला. घरची लीग नाही, सराव कसाबसा, तरी. 2024 पर्यंत 12 वेळा जिंकलाय त्यांनी तो कप, पण माझ्यासाठी 2012 चा सगळ्यात मोठा.

माझ्या शेजारी विशीतला एक पोरगा होता, अरबी मला येत नाही आणि त्याला इंग्रजी बेताचं, तरी त्याने माझ्या गळ्यात स्वतःचा लाल स्कार्फ घातला आणि एकेक शब्द तोडून घोषणा शिकवली, अहली फोक अल गमी, म्हणजे अहली सगळ्यांच्या वर. मॅच संपल्यावर लगेच मेट्रोकडे पळू नका, भयंकर गर्दी असते. अर्धा तास थांबा, एखाद्या टपरीवर गरम कुशारी खा, भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा तिखट रस्सा. स्कार्फ मी परत द्यायला गेलो, त्याने घेतला नाही.