तुम्ही विचारलंत म्हणून : आता नवा कोच कोण?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या एखाद्या संघानं कोच काढला, की मला ओळखणारे हमखास विचारतात, “आता कोण? तुमच्या हातात असतं तर कोणाला आणलं असतंत?” बर्फावरच्या हॉकीवर माझा जीव आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझ्याकडे एखादं नाव तयार असणार असं ते धरूनच चालतात. नाव मी सांगतोही. पण नावाआधी जे सांगायचं असतं ते दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं की कोच निवडताना खरी कसोटी लागते ती निवडणाऱ्याची, म्हणजे जनरल मॅनेजरची. आजार ओळखल्याशिवाय डॉक्टर बदलून उपयोग नाही. आधीच्या माणसाला का काढलं, हे ज्याला स्वच्छ शब्दांत सांगता येत नाही, त्यानं पुढच्या माणसाची मुलाखत घ्यायला बसूच नये.

हा खेळ नव्यानं बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. लीगमध्ये 32 संघ आहेत. खेळाडू घेणं, विकणं, त्यांचे करार करणं हे जनरल मॅनेजरचं काम. हाती आलेल्या खेळाडूंकडून खेळ करून घेणं हे कोचचं. सामन्याला 18 खेळाडू आणि 2 गोलरक्षक तयार असतात. एक खेळाडू सलग पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि बेंचवर परततो, दुसरा उडी मारून बर्फावर उतरतो. खेळ चालू असतानाही ही अदलाबदल होत राहते. कोण कोणाबरोबर उतरणार, समोरच्यांच्या सर्वोत्तम त्रिकुटापुढे कोणाला उभं करायचं, चूक केलेल्या पोराला पुढची संधी कधी द्यायची, हे सगळं बेंचमागे उभा असलेला कोच त्या गदारोळात ठरवत असतो. खेळाडूंच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा आहे, कोचचा पगार त्या मर्यादेत धरला जात नाही. म्हणजे श्रीमंत क्लबला हवा तो कोच पैशानं आणता येतो. टोरांटोनं 2015 मध्ये माइक बॅबकॉकला आठ वर्षांसाठी पाच कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा सगळ्या लीगचे डोळे विस्फारले होते. 2019 च्या नोव्हेंबरात त्याच क्लबनं त्याला घरी पाठवलं.

आता त्या गोष्टीकडे येतो जी कोच बदलण्याच्या बाजूनं हटकून सांगितली जाते. सेंट लुईस ब्लूजनं 2018 च्या नोव्हेंबरमध्ये माइक योला काढलं आणि क्रेग बरुबीला हंगामी कोच केलं. 2019 चं साल उजाडलं तेव्हा हा संघ अख्ख्या लीगमध्ये तळाला होता. 12 जूनला त्यांनी बोस्टनमध्ये अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना 4-1 असा जिंकून स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचललं. क्लबच्या इतिहासातलं पहिलं. ऐकणाऱ्याला वाटतं, बघा, कोच बदलला आणि नशीब फळफळलं. पण मधला एक दिवस त्यातून निसटतो. 7 जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन हा गोलरक्षक एनएचएलमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. त्या मोसमात त्यानं 24 सामने जिंकून दिले. तोवर तो क्लबच्या पसंतीक्रमात बराच खाली होता. बरुबीचं श्रेय मला कमी करायचं नाही. हरून हरून खांदे पाडलेल्या संघाला त्यानं साधा, रेटून खेळायचा खेळ दिला आणि नवख्या गोलरक्षकावर भरवसा टाकला. पण जो मॅनेजर ही गोष्ट वाचून केवळ कोच बदलतो आणि गोलरक्षकाकडे बघत नाही, तो अर्धाच धडा घेतो.

हॉकीत गोलरक्षक कोलमडला की कोच मूर्ख दिसतो, आणि गोलरक्षक पेटला की कोच द्रष्टा ठरतो. शिवाय नशिबाचे फेरे असतात. काही आठवडे चांगले फटकेही खांबाला लागून परत येतात आणि समोरच्यांचे साधे फटके आत शिरतात. कोचला काढलं जातं ते नेमकं अशा वाईटात वाईट काळात. पुढच्या महिन्यात फटके आपसूक आत जाऊ लागतात आणि नव्या माणसाचा जयजयकार होतो. म्हणून मोसमाच्या मध्ये आलेल्या कोचच्या पहिल्या महिन्यावरून मी कधीच मत बनवत नाही. संघ समोरच्यांच्या गोलजवळून किती फटके घेतो, स्वतःच्या गोलसमोरची जागा कशी राखतो, हे बदललं का, ते बघतो.

आजार ओळखण्याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे कोच न बदलण्याचं. 2018-19 मध्ये टॅम्पा बे लायटनिंगनं 62 सामने जिंकले, 128 गुण मिळवले आणि प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत कोलंबसकडून सलग चार सामन्यांत मार खाल्ला. जॉन कूपरला काढा म्हणून ओरड झाली. मॅनेजर जुलियन ब्रिसबुआनं कूपरला हलवलं नाही. त्यानं बघितलं की संघाकडे कसब भरपूर आहे, पण अडचणीच्या सामन्यात अंग झोकून देणारे कमी पडतात. मग पॅट मरून आला, 2020 च्या फेब्रुवारीत ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो आले. त्याच वर्षी कप, पुढच्या वर्षी पुन्हा कप. तोच कोच, तेच तारे, तीन-चार माणसं नवी.

कोलोरॅडोची गोष्ट तर मला याहून प्रिय आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये तिथला कोच पॅट्रिक रुआनं अचानक राजीनामा दिला. मोसम तोंडावर आलेला. जॅरेड बेडनार एनएचएलच्या खालच्या, दुय्यम लीगमध्ये नुकताच विजेतेपद मिळवून आला होता, त्याला घेतलं. पहिल्या मोसमात 82 सामन्यांत 22 विजय आणि 48 गुण. लीगमध्ये शेवटचा क्रमांक, तोही फार मोठ्या अंतरानं. असा मोसम झाल्यावर कोणताही कोच टिकत नाही. मॅनेजर जो सॅकिकनं त्याला टिकवलं. 2022 मध्ये त्याच बेडनारनं कप जिंकला. उमेदवाराची निवड ऑगस्ट 2016 मध्ये झाली असं कागदोपत्री दिसतं. मला विचाराल तर खरी निवड 2017 च्या उन्हाळ्यात झाली, जेव्हा सगळी कारणं हातात असूनही त्याला काढलं नाही.

याच्या उलट बोस्टन आणि फ्लोरिडाची गुंतागुंत बघा. 2022 च्या जूनमध्ये बोस्टननं ब्रूस कॅसिडीला काढलं. आठवड्याभरात व्हेगासनं त्याला उचललं आणि पुढच्या जूनमध्ये तो कप घेऊन उभा होता. बोस्टननं आणलेला जिम माँटगोमेरीही काही कमी नव्हता. त्याच्या पहिल्याच मोसमात संघानं 65 विजय आणि 135 गुण मिळवले. लीगच्या इतिहासात इतके कोणी कधीच मिळवले नव्हते. वर्षाच्या सर्वोत्तम कोचचा जॅक ॲडम्स पुरस्कारही त्यालाच मिळाला. आणि पहिल्या फेरीत सामन्यांत 3-1 अशी आघाडी असताना तो हरला, प्लेऑफमध्ये कसाबसा शिरलेल्या फ्लोरिडाकडून. फ्लोरिडाचा कोच होता पॉल मॉरिस. 28 व्या वर्षी, 1995 मध्ये तो एनएचएलचा कोच झाला होता आणि तेव्हापासून एकही कप त्याच्या हाती लागला नव्हता. त्याला आणताना फ्लोरिडानं अँड्र्यू ब्रुनेटला जाऊ दिलं होतं. ब्रुनेटनं आदल्या मोसमात 122 गुणांसह संघाला लीगमध्ये पहिलं ठेवलं होतं! सगळ्यांनी मॅनेजर बिल झिटोला वेड्यात काढलं. पण झिटोला पटलं होतं की गोलांचा पाऊस पाडणारा आपला खेळ प्लेऑफमध्ये गळपटतो, आणि त्याला जड, चिवट खेळ शिकवणारा माणूस हवा होता. त्याच उन्हाळ्यात त्यानं मॅथ्यू टकाचकला आणून संघाचा स्वभावच बदलला. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी कप फ्लोरिडात गेला.

“तीच ती जुनी तोंडं” ही तक्रार मला नेहमी ऐकू येते, आणि ती अगदीच खोटी नाही. कॅरोलायनानं 2003 च्या डिसेंबरात याच मॉरिसला काढून पीटर लॅव्हिओलेटला आणलं, 2006 मध्ये कप जिंकला, आणि 2008 च्या डिसेंबरात लॅव्हिओलेटला काढून पुन्हा मॉरिसला बोलावलं. खुर्च्या त्याच, माणसंही तीच. तरीही एकदा पडलेल्या माणसाला मी यादीतून वगळणार नाही. माइक सलिव्हनला बोस्टननं 2006 मध्ये काढल्यावर तो बरीच वर्षं दुसऱ्यांचा सहायक म्हणून राबला, मग पिट्सबर्गच्या दुय्यम संघाचा कोच झाला, आणि 2015 च्या डिसेंबरात मुख्य संघ त्याच्या हाती आला. पहिले चारही सामने तो हरला. मॅनेजर जिम रदरफर्डनं मात्र त्याला वेगवान खेळ खेळायचा आहे हे ओळखून ट्रेव्हर डेली आणि कार्ल हॅगलीन असे पळणारे खेळाडू आणून दिले. 2016 आणि 2017 असे लागोपाठ दोन कप आले. जुना चेहरा घ्यायचा तर एकच विचारायचं : काढल्यानंतरच्या वर्षांत तू काय नवं शिकलास? या प्रश्नावर जो जुन्या क्लबच्या तक्रारी सुरू करतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

माँट्रियलची गोष्ट वेगळी आहे आणि ती तिथेच समजून घ्यायला हवी. तिथल्या कोचला फ्रेंच यावंच लागतं. 2011 च्या डिसेंबरात रँडी कनीवर्थ या फ्रेंच न येणाऱ्या माणसाला हंगामी नेमलं, तर शहरात निदर्शनं झाली आणि कायमचा कोच फ्रेंच बोलणारा असेल असं क्लबला सांगावं लागलं. उमेदवारांची यादी यानं आखडते, हे खरं. पण रोज सामन्यानंतर कोच ज्या लोकांशी बोलतो त्यांची भाषा त्याला यावी, ही मागणी मला रास्त वाटते. याच अटीत राहून 2022 मध्ये त्यांनी मार्टिन सँ लुईला आणलं. खेळाडू म्हणून तो थोर, पण व्यावसायिक संघ त्यानं आधी कधीच सांभाळला नव्हता. संघ नव्यानं उभारायचा होता, घाई नव्हती, कोवळ्या पोरांशी बोलू शकणारा माणूस हवा होता. त्या गरजेला तो बसला. कपाच्या उंबरठ्यावर असलेल्या संघानं असा डाव खेळू नये.

मुलाखतीत काय विचाराल, असंही लोक विचारतात. डावपेचांची आकृती फळ्यावर कोणीही काढतो. मी विचारेन : 19 वर्षांच्या बचावपटूनं पक (खेळायची रबरी चकती) गमावला आणि गोल झाला, तर त्याला पुन्हा बर्फावर केव्हा उतरवशील? एका गोलनं मागे असताना गोलरक्षक काढून त्याच्या जागी जादा आक्रमक कधी उतरवशील? पूर्वी अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत थांबत. रुआनं कोलोरॅडोत तीन-तीन मिनिटं आधी काढायला सुरुवात केली तेव्हा लोक चक्रावले, आता ते सर्रास होतं. समोरच्यांच्या गोलवर आक्षेप घ्यायचा की नाही, हे काही सेकंदांत ठरवायचं असतं आणि आक्षेप फसला तर संघाला दोन मिनिटांची शिक्षा होते. त्या वेळी तू कोणाचं ऐकशील? आणि तुझे सहायक कोण? पॉवर प्ले, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ, कोणाच्या हाती देशील? जो म्हणतो “सगळं मीच बघतो”, त्याच्याबद्दल मला धास्ती वाटते.

एक काम मुलाखतीच्या खोलीबाहेर करायचं असतं, आणि त्यात कसूर झाली की माणसं दुखावतात. कोलंबसनं 2023 च्या जुलैत बॅबकॉकला नेमलं. खेळाडूंच्या फोनमधले फोटो बघायला मागितल्याची बातमी फुटली, खेळाडूंच्या संघटनेनं चौकशी केली आणि सप्टेंबरात, एकही सामना न खेळवता, त्यानं राजीनामा दिला. त्याची वागणूक कशी असते याची चर्चा टोरांटोपासून चालू होती. म्हणून चौकशी करायची ती ताऱ्यांकडे नव्हे. ताऱ्यांना सगळेच सांभाळून घेतात. चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी खेळायला मिळणाऱ्या फळीत खेळलेल्यांना फोन करा, किटचं सामान सांभाळणाऱ्यांना करा, दुय्यम संघात परत पाठवलेल्या पोरांना करा. वाईट बातमी त्यांना कशी सांगितली गेली, हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं.

आणि नाव? संघ जिंकायच्या वयात असेल, तर मी एकदा पडून शिकलेल्या माणसाला आणेन. संघ कोवळा असेल, तर दुय्यम लीगमध्ये त्याच पोरांना घडवणाऱ्याला. एडमंटननं 2023 च्या नोव्हेंबरात क्रिस नॉब्लाकला आणलं. त्यानं कॉनर मॅकडेव्हिडला ज्युनियरच्या दिवसांत शिकवलं होतं. संघ लागोपाठ दोन अंतिम फेऱ्यांत पोचला. पहिलीत सातव्या सामन्यापर्यंत लढला. दोन्ही हरला, पण ओळखीचा माणूस आणला म्हणून झालेली टीका मात्र पार फिकी पडली.

दोन्ही बाबतींत मुलाखतीच्या यादीत मी जेसिका कॅम्पबेलचं नाव ठेवेन. खेळाडूंच्या स्केटिंगवर तिनं वर्षानुवर्षं काम केलं, 2022 च्या पुरुषांच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत ती जर्मनीच्या बेंचमागे होती, मग दुय्यम लीगमध्ये कोचेला व्हॅलीला, आणि 2024 पासून सिअ‍ॅटलमध्ये, एनएचएलची पहिली पूर्णवेळ महिला सहायक कोच म्हणून. ज्या पायऱ्या चढून बेडनार आणि सलिव्हन वर आले, त्यातल्याच पायऱ्या ती चढते आहे. तेच प्रश्न तिला विचारावेत, आणि उत्तरं सर्वांत चांगली असली तर बेंच तिच्या हाती द्यावं.