पाळणाघराला देणगी द्यायची तर बाईचा पगार द्या

कोकणात पाळणाघरासाठी पैसे जमले की ते आधी भिंतीला जातात. रंग, चित्रं, लोखंडी घसरगुंडी, दात्याच्या नावाची पाटी. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि खाऱ्या वाऱ्याने घसरगुंडीला गंज चढतो. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या आईच्या दीड वर्षाच्या मुलाला यातलं काहीच नको असतं. सकाळी कडेवर घेणारी आणि संध्याकाळी परत देणारी बाई रोज तीच असावी, एवढीच त्याची गरज. ती बाई टिकते पगारावर, आणि पगाराला पैसे द्यायला दाते कां कूं करतात, कारण पगारावर पाटी लावता येत नाही.

वीस मुलांच्या केंद्राचा हिशेब मांडून बघू. त्यातली आठ-दहा मुलं तीन वर्षांखालची धरा. तेवढ्यांना एक सेविका पूर्ण वेळ लागतेच. मोठ्यांना दुसरी, आणि स्वयंपाक-सफाईला एक मदतनीस. दोन सेविकांना 12,000 प्रमाणे 24,000, मदतनीसाला 10,000. खाऊ-जेवण माणशी 25 रुपये, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 13,000. भाडं-वीज 4,000, गॅस-साबण-औषधं 4,000, प्रशिक्षण आणि देखरेखीच्या फेऱ्या 3,000, बदली बाईसाठी 2,000. एकूण 60,000, म्हणजे मुलामागे महिना 3,000. आकडे गावागणिक हलतील, पण प्रमाण फारसं हलणार नाही. निम्म्याहून जास्त पैसा माणसांवर जातो आणि तो तसाच जायला हवा. केंद्र सरकारच्या 2017 च्या पाळणाघर योजनेत 25 मुलांमागे सेविकेला 3,000 आणि मदतनीसाला 1,500 रुपये मानधन होतं. एवढ्यावर शिकलेली बाई टिकत नाही. खाजगी देणगीने भरायची खरी फट ही आहे.

बदली बाईचे 2,000 काटकसरीत सगळ्यात आधी उडवले जातात. मग एक सेविका तापाने पडली की दुसरीच्या अंगावर वीस मुलं येतात. त्या दिवशी कुणाशी बोलणं नाही, मांडीवर घेणं नाही, फक्त राखण. एरवीही मुलांपाशी एका वेळी दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत.

पैसा किती येतो याइतकंच तो कधी येतो हेही महत्त्वाचं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, नव्या मंजुऱ्या निघेपर्यंत बहुतेक वेळा जून-जुलै उजाडतो. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे काजू आणि आंब्याचा ऐन हंगाम. बायका पहाटे बाहेर पडतात त्याच महिन्यांत केंद्राची तिजोरी रिकामी, सेविकेचा पगार थकलेला. ती कारखान्यात रुजू झाली तर तिचा काय दोष? म्हणून पहिल्या वर्षीच तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे 1,80,000, वेगळ्या खात्यात बाजूला टाकावा आणि करार तीन वर्षांचा करावा. कंपनी कायद्यात वर्ष ओलांडून चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे; मागितली तर मिळते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. मालकाने स्वतःच्या कारखान्यातल्या कामगार बायकांसाठी पाळणाघर काढलं, तर ती देणगी नव्हे. 1948 च्या कारखाना कायद्याने 30 पेक्षा जास्त बायका असतील तिथे ते बंधनकारक केलं होतं, आणि नोकरदारांच्याच सोयीसाठी केलेला खर्च या 2 टक्क्यांत धरला जात नाही. देणगीची गरज आहे ती ज्यांना असा मालकच नाही त्यांना: घरोघरी काजू सोलणाऱ्या, बंदरावर मासळी निवडणाऱ्या, चिरेखाणीवर आणि वीटभट्टीवर आलेल्या बायकांना.

त्यांच्या वेळा अंगणवाडीच्या वेळांत बसत नाहीत. बंदरावर सकाळच्या आणि संध्याकाळच्या लिलावाला बाई हजर हवी. दहा ते पाच चालणारं केंद्र तिच्या उपयोगाचं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा त्यातल्याच कितीतरी जणी लावणीला जातात आणि दिवसभर चिखलात असतात. म्हणजे वेळापत्रक वर्षातून दोनदा तरी बदलावं लागतं. ताराबाई मोडकांनी 1945 साली याच किनाऱ्यावर, बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. जागा निवडताना तोच नियम लावावा: आईच्या कामापासून चालत दहा मिनिटांच्या आत. अंगावर पाजणारी आई मधल्या सुट्टीत येऊन जाऊ शकली पाहिजे. काढून ठेवलेलं दूध साधारण 25 अंशांना चार तास टिकतं, आणि आपला एप्रिल त्याहून बराच तापतो.

मूल नव्याने येतं तो पहिला आठवडा बहुतेक केंद्रांत बिघडतो. पहिले दोन दिवस आईने सोबत बसावं, तिसऱ्या दिवशी तासभर बाहेर जावं, मग हळूहळू वेळ वाढवावा. हे सगळ्यांना माहीत असतं, पण काजू सोलणारीची मजुरी किलोवर असते. तीन दिवस बसली तर तीन दिवसांची कमाई गेली. म्हणून ती पहिल्याच दिवशी मूल टाकून धावत जाते, मूल आठवडाभर रडतं, जेवत नाही, आजारी पडतं आणि शेवटी यायचंच बंद होतं. दात्याने प्रत्येक नव्या मुलामागे आईची तीन दिवसांची मजुरी खर्चात धरावी. इतक्या थोड्या पैशात इतका फरक पाडणारी दुसरी बाब मला दिसत नाही.

खाण्यात नाचणी सगळ्यात सोयीची. 100 ग्रॅममध्ये 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण साध्या पिठाची पेज पटकन घट्ट होते, मग बाई पाणी ओतते आणि मुलाच्या पोटात पाणीच जास्त जातं. त्यापेक्षा नाचणी 12 तास भिजवून फडक्यात बांधावी, मोड आले की सावलीत कडकडीत वाळवावी, हलकी भाजून दळावी. मोडामुळे पेज पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. शिजवायची मात्र चांगली. हे वाळवण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीबरोबर मेमध्येच उरकावं. पावसात वाळत नाही, बुरशी धरते. जुलैत थोडं-थोडं आणि हवाबंद डब्यातलंच वापरावं.

बुरशी पुढे गाद्यांनाही लागते. फोमच्या गाद्या देणगीत घेऊच नयेत. चटई आणि गोधडी, गोधड्यांचे दोन जोड, आणि छपराखाली वाळत घालायला दोरी. चिऱ्याच्या भिंतींच्या फटींत विंचू असतात, म्हणून अंथरूण टाकण्याआधी रोज झटकायचं. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला. जवळच्या कुठल्या दवाखान्यात ते औषध आहे, हे केंद्राच्या दारावर लिहिलेलं असावं. विहिरीला जाळी आणि कुलूप नसेल तर केंद्र सुरूच करू नये. खेळण्यांना करवंट्या, पळ्या, डबे चांगले. चिंचोके, काजूबिया आणि 4 सेंटिमीटरच्या भोकातून जाणारं काहीही तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नको. बिया तर घरात ठेवूच नयेत, त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. कारखान्यातून आलेल्या आईनेही हात धुऊनच मूल घ्यावं. त्यासाठी दारातच पाणी, हाताला चोळायला साधं तेल आणि साबण ठेवावा.

दंडाचा घेर मोजायची पट्टी महिन्यातून एकदा लावावी. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली गेला तर अंगणवाडी ताईला कळवावं, 11.5 च्या खाली गेला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावं. मुलाचं नाव अंगणवाडीत राहू द्यावं. लस आणि पोषण आहार तिथूनच मिळतो.

आपल्या गावांचे सगळ्यात जुने दाते म्हणजे मुंबईची ग्रामस्थ मंडळं. साठ चाकरमान्यांनी महिना हजार रुपये बँकेतून वळते केले तर वरचे 60,000 पुरे होतात. रोख जमवू नये. 2,000 च्या वरच्या रोख देणगीला करात सूट मिळत नाही आणि हिशेबही राहत नाही. गणपतीत किंवा शिमग्याला गावी आलं की आगाऊ न कळवता केंद्रात तासभर बसावं. कार्यक्रम नको, गाणी नकोत. बाई मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बोलते का, लंगोट किती वेळाने बदलला जातो, रडणाऱ्याला कोण उचलतं, एवढंच बघावं. मग हजेरी-वही मागून तीन आकडे उतरवून घ्यावेत: वर्षात केंद्र किती दिवस बंद होतं, किती बाया सोडून गेल्या, आणि पगार कोणत्या तारखेला झाले.