बाजारातल्या कुंड्या

राजापूरच्या बाजारात यंदा कुंड्या आल्या. कॉलेजातली पोरं, निवृत्त मास्तर आणि बचत गटातल्या काही जणी यांनी मिळून जवाहर चौकापासून त्या रांगेनं मांडल्या. कुंड्या म्हणजे रंगाचे रिकामे डबे. तळाला भोकं, त्यावर कौलाच्या खापऱ्या आणि नारळाची सोडणं, वर शेणखत कालवलेली तांबडी माती. कुणी नर्सरीतून शोभेचे पाम आणायचं म्हणत होतं, ते मास्तरांनी मोडून काढलं. बरं केलं. तगर, अबोली, जास्वंद लावली की निदान कुणी देवासाठी फूल तोडायला तरी फिरकतं.

कोकणात घर म्हटलं की पुढे तुळस आणि मागे परसू असायचंच. बाजारपेठेच्या नशिबी ते नाही. राजापूर जुनं बंदर. खाडीतून गलबतं इथवर यायची. इंग्रजांची वखार होती, ती १६६१ साली शिवाजी महाराजांनी लुटली. पुढे खाडी गाळानं भरली, गलबतं थांबली, बाजार मात्र तसाच दाटीवाटीनं राहिला. दुकानाची पायरी उतरलात की थेट रस्त्यावर. आंगण आणायचं कुठून?

पहिल्याच दिवशी एका किराणावाल्या काकांनी विचारलं, "पाणी कोण घालणार?" प्रश्न रास्त होता. आमची झऱ्याची गंगा प्रसिद्ध खरी, पण ती मर्जीनं उगवणार आणि मर्जीनं जाणार. अबोलीला रोज तांब्याभर लागतं. वर काकांची तक्रार, गिऱ्हाइकानं गाडी लावायची कुठं? चार दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की कुंडीमुळे भलत्यांच्याच स्कूटर पायरीला टेकायच्या बंद झाल्यात. तेव्हापासून सकाळी दुकान झाडून झालं की पाण्याचा तांब्या कुंडीत. सौंदर्यदृष्टी पार्किंगच्या वाटेनं आली म्हणून काय झालं? आली ना! बंद शटरपुढच्या कुंड्यांत मात्र गुटख्याच्या पुड्या साठल्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात. अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की चौकात पाणी हे ठरलेलं. साखरेची पोती, तेलाचे डबे माळ्यावर चढवायची व्यापाऱ्यांना सवयच आहे. यंदा त्या गडबडीत काही कुंड्याही चढल्या. ज्यांना धनी नव्हता त्या निघाल्या खाडीनं जैतापूरच्या दिशेनं.

पाणी ओसरल्यावर पोरं कुंड्या मोजायला आली, तेव्हा काका दारात चिखल काढत होते. त्यांनी फावडं टेकलं आणि सुनावलं, "दिसायला बऱ्या म्हणून डब्यांच्या कड्या काढून टाकल्यात ना तुम्ही? जिना चढताना धरायचं कशाला? पुढच्या खेपेला कडीसकट आणा. आणि मला दोन जास्त ठेवा."