‘बॉम्बे वेल्वेट’ची मुंबई पायी पाहताना

धोबी तलावाच्या जेर महाल इमारतीचा लाकडी जिना चढताना खालच्या वाहनांचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. वर गोव्यातल्या गावागावांचे क्लब आहेत. गोंयकार त्यांना कूड म्हणतात. गावाहून आलेला खलाशी, आचारी, वादक इथे येऊन पेटी टेकवायचा. एका ओळीत लावलेल्या पेट्या, भिंतीशी गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा एखाद्या बँडमध्ये जागा लागेपर्यंत हेच घर.

सुरुवात इथून करायची हे मी आधीच ठरवलं होतं. अनुराग कश्यपचा ‘बॉम्बे वेल्वेट’ हा सिनेमा मे २०१५ मध्ये आला आणि तिकीटबारीवर साफ आपटला. मला तो तेव्हाही आवडला होता, आजही आवडतो. फाळणीनंतर मुंबईत आलेला जॉनी बलराज, ज्याला काहीही करून बडा माणूस व्हायचंय. गोव्याहून आलेली गायिका रोझी, जिच्यावर तो जीव टाकतो. आणि समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीच्या सौद्यांसाठी या दोघांना प्याद्यांसारखा वापरणारा कैझाद खंबाटा. ज्ञान प्रकाश यांच्या मुंबईवरच्या पुस्तकाचा सिनेमाला आधार आहे. पण साठच्या दशकातली मुंबई मुंबईत चित्रित करणं शक्य नव्हतं, म्हणून ते अख्खं शहर श्रीलंकेत उभारलं गेलं. तो सेट पाहायला जाण्यापेक्षा खरी जागा पायाखालून घालावी, असं फार दिवस मनात होतं.

क्यानी या इराणी हॉटेलात ब्रून मस्का आणि चहा घेऊन चर्चगेटकडे निघालो. मरीन लाइन्सपर्यंतचा रस्ता भराभर उरकला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. इरॉस थिएटरच्या वळणावर मात्र चाल मंदावते. आजचा वीर नरिमन रोड तेव्हा चर्चगेट स्ट्रीट होता आणि संध्याकाळी इथे एका दारातलं संगीत संपायच्या आत दुसऱ्या दारातलं ऐकू यायचं. १९५६ साली सुरू झालेलं गेलॉर्ड रेस्टॉरंट अजून आहे. अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ‘व्हेनिस’ होतं, तिथे गोव्याच्या ख्रिस पेरीचा बँड आणि गायिका लोर्नाचा आवाज. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये ‘द अदर रूम’. दारूबंदीचा कायदा १९४९चा, त्यामुळे शहराच्या अंधाऱ्या बाजूला चोरट्या दारूवर पैसा उभा राहत होता आणि उजेडात हे जॅझ वाजत होतं. सिनेमातला क्लब हे दोन्ही धागे एका छताखाली आणतो, आणि ते मला पटतं.

हे वादक आपल्याला अनोळखी नाहीत, फक्त आपण त्यांची नावं विचारली नाहीत. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ‘दीवाना ये परवाना’ वाजतं, त्यात ट्रम्पेट घेतलेला चिक चॉकलेट पडद्यावर दिसतो. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं आल्दोना. आपले सी. रामचंद्र त्याच्यासोबत काम करत होते. सिनेमातली रोझी मला म्हणूनच उपरी वाटत नाही. अ‍ॅस्टोरियासमोर मी बराच वेळ उभा होतो. या माणसांच्या नावाची एखादी पाटी मला त्या रस्त्यावर कुठे दिसली नाही. ती लागायलाच हवी.

पुढे मरीन ड्राइव्हला लागून डावीकडे. समुद्राचा वारा अंगावर घेत नरिमन पॉइंटपर्यंत आलो, आणि सिनेमाचा खरा गुन्हा इथे उलगडला. विसाच्या दशकात बॅकबेच्या, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या, भरावात झालेला गैरकारभार वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे समुद्र आणखी मागे हटवून जी जमीन निघाली, तिलाच त्यांचं नाव मिळालं. १९६५ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल सांगत होते की शहर खाडीपलीकडे वाढू द्या. १९७० मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, नवी मुंबईची आखणी सुरू झाली, पण एक्स्प्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची इमारत उभी राहिली ती इथेच.

थिएटरात हा जमिनीचा भाग मला क्लिष्ट वाटला होता. एनसीपीए या नाट्य-संगीताच्या केंद्राच्या बाजूला कठड्याशी उभं राहिल्यावर, पायाखाली पूर्वी पाणी होतं हे लक्षात घेतल्यावर, खंबाटाची प्रत्येक चाल सरळ दिसते. जॉनी पिस्तूल चालवतो, मार खातो, तुरुंगाची जोखीम घेतो, आणि मग या जमिनीत हिस्सा मागतो. त्याला क्लब मिळतो, सूट मिळतात, मोठेपणाचा भास मिळतो. हिस्सा देण्याची वेळ येते तेव्हा तो खंबाटासारख्या बड्या लोकांतला कधी नव्हताच, हे त्याला कळतं. रणबीर कपूरने तो अपमान ज्या तऱ्हेने चेहऱ्यावर आणला आहे, त्यासाठी हा सिनेमा पुन्हा पाहिला जावा. पाहणार असाल तर आधी हा रस्ता चालून या, मग पाहा.